झाड मोहोरानं भरतं, मग आंबे मोजकेच का लागतात?

जानेवारी-फेब्रुवारी आला की कोकणातल्या आंब्याच्या बागांचे फोटो व्हायरल व्हायला लागतात. पान दिसणार नाही एवढा मोहोर. खाली कमेंट ठरलेली, 'यंदा आंबा स्वस्त होणार!' पण कित्येकदा हंगाम सुरू झाल्यावर पेटीचा भाव ऐकून सगळे गार पडतात. बागायतदार सांगतात, मोहोर भरपूर होता, पण फळ धरलंच नाही.

असं का होतं? उत्तर आंब्याच्या इवल्याशा फुलात आहे.

एका तुऱ्यात दोन प्रकारची फुलं

मोहोराच्या एका तुऱ्यात काहीशे ते काही हजार फुलं असतात. लांबून सगळी सारखीच दिसतात, पण त्यात दोन प्रकार असतात, नर फुलं आणि संयुक्त फुलं.

नर फुलाला अंडाशय नसतं. ते पराग देतं आणि गळून जातं, त्याचा आंबा होऊच शकत नाही. फळ धरतं ते संयुक्त फुलाला, कारण त्यात पुंकेसर आणि अंडाशय दोन्ही असतात.

संयुक्त फुलं किती येणार हे आंब्याच्या जातीवर आणि हवामानावर ठरतं. मोहोर यायला थंडी लागते, पण तो तयार होत असताना कडाका लांबला तर नर फुलांचं प्रमाण वाढतं. झाड भरलेलं दिसतं, फळं मात्र कमी लागतात.

फुलाच्या आत काय असतं?

साधारणपणे बाहेर पाच हिरवट निदलं आणि आत पाच फिकट पाकळ्या असतात. मधोमध गादीसारखी जाडसर चकती असते, तिच्यावर मध पाझरतो. पुंकेसर सहसा पाच, पण त्यातला बहुतेक वेळा एकच कामाचा असतो. बाकीचे खुरटलेले, त्यांच्यात पराग नसतात.

संयुक्त फुलाच्या अंडाशयात बीजांडही एकच असतं. म्हणूनच एका आंब्यात एकच कोय निघते.

सगळी भिस्त माश्यांवर

पराग थोडे, त्यात फूल उमललं की फळ धरण्याची संधी थोड्याच वेळाची. तेवढ्यात पराग पोचवतात त्या माश्या, मधमाश्या आणि इतर छोटे कीटक. एरवी आपण हाकलतो त्या माश्या आंब्यासाठी फार महत्त्वाच्या आहेत.

अडचण इथेच येते. तुडतुडे आणि भुरीपासून मोहोर वाचवायला फवारणी करावी लागते. फुलं उमललेली असताना कीटकनाशक मारलं, तर तुडतुड्यांसोबत हे मदतनीसही मरतात. म्हणून पहिली फवारणी मोहोर फुटण्याआधी घ्या आणि ऐन फुलोऱ्यात शक्यतो टाळा, असं शेतकऱ्यांना सांगितलं जातं.

हे सगळं जमून आलं तरी बरीचशी फळं बारीक असतानाच गळतात. संयुक्त फुलांपैकीही शंभरातल्या एकाचा धड आंबा होत नाही.

तेव्हा पुढच्या वेळी मोहोर दिसला की फोटो काढण्याआधी एक फूल जवळून बघा. मधल्या चकतीवर हिरवट-पिवळा गोल मणी दिसला तर ते संयुक्त फूल. तुऱ्याच्या टोकाकडे अशी फुलं जास्त सापडतात. आंबा स्वस्त होणार की नाही, याचा पहिला अंदाज त्या मण्यांवरून येतो.