यकृत छापायचे, तर आधी शाई हवी

माणसाचे यकृत छापून तयार करण्यासाठी अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाला तिथल्या सरकारी संशोधन संस्थेने 2025मध्ये 2 कोटी 85 लाख डॉलर, म्हणजे सुमारे अडीचशे कोटी रुपये मंजूर केले. ‘आता अवयव छापून मिळणार’ अशा मथळ्यांच्या गर्दीत एक तपशील मागे पडला. ॲडम फाइनबर्ग यांच्या चमूला जे यकृत बनवायचे आहे, ते दोन ते चार आठवडेच काम करणार आहे. तेवढ्या अवधीत रुग्णाचे स्वतःचे यकृत सावरावे, हा हेतू. अनेकांचा यामुळे हिरमोड होईल. माझ्या मते मात्र या क्षेत्राने आजवर स्वतःपुढे ठेवलेले हे सर्वांत शहाणे उद्दिष्ट आहे. ते गाठले जाणार की नाही, हे छापणाऱ्या यंत्रापेक्षा त्यात भरायच्या शाईवर ठरणार आहे.

ही शाई, म्हणजे बायोइंक, हा जिवंत पेशी मिसळलेला एक जेल असतो आणि त्याच्याकडून परस्परविरोधी अपेक्षा असतात. बारीक सुईतून तो सहज वाहिला पाहिजे, नाहीतर दाबाने पेशी चिरडतात. बाहेर पडताच त्याने आकार धरला पाहिजे, नाहीतर थर ढासळतात. आणि आकार धरूनही तो मऊच राहिला पाहिजे, कारण निरोगी यकृत मऊ असते; कडक जेलमध्ये त्याच्या पेशी आपले काम विसरू लागतात. समुद्री शेवाळापासून मिळणारे अल्जिनेट कॅल्शियमच्या द्रावणात क्षणात गोठते, पण पेशींना धरून ठेवायला त्यात काहीच नसते. कोलॅजेन पेशींना मानवते, पण छापताना पसरते. फाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेने यावर काढलेला तोडगा मला फार देखणा वाटतो. त्यांनी जिलेटीनच्या सूक्ष्म कणांचा एक लगदा भांड्यात भरला आणि त्याच्या पोटात सुई घालून आम्लधर्मी कोलॅजेन सोडले. लगद्यात आम्लता उतरते आणि कोलॅजेन सुई जिथे असेल तिथेच घट्ट होते. छपाई संपल्यावर भांडे 37 अंशांपर्यंत तापवायचे. जिलेटीन वितळून निघून जाते आणि मागे कोलॅजेनची रचना उरते. 2019मध्ये त्यांनी याच पद्धतीने 20 मायक्रॉनइतके बारीक धागे छापून हृदयाचे भाग बनवून दाखवले. दुसरी वाट याहून मूलगामी आहे. प्राण्याच्या अवयवातून पेशी धुऊन काढायच्या, उरलेला सांगाडा वाळवून दळायचा, पेप्सिनने विरघळवायचा आणि त्याचीच शाई करायची. या शाईवरचा 2014चा गाजलेला शोधनिबंध लिहिणाऱ्यांत पहिले नाव फाल्गुनी पाती यांचे होते. तेव्हा ते दक्षिण कोरियात होते, पुढे आयआयटी हैदराबादला आले. यकृताच्या सांगाड्यातून केलेल्या शाईत यकृताच्या पेशींना आपल्या घरचीच प्रथिने सापडतात. अडचण एवढीच की दर खेपेला ही शाई थोडी वेगळी निघते.

शाई जमली तरी तिच्यातून वाटा काढाव्या लागतात. रक्तवाहिनीपासून केसाच्या एक-दोन जाडींइतके दूर गेले की पेशी प्राणवायूवाचून गुदमरतात, आणि यकृताच्या पेशींना प्राणवायू भरपूर लागतो. राइस विद्यापीठातले जॉर्डन मिलर आणि वॉशिंग्टन विद्यापीठातल्या केली स्टीव्हन्स यांनी 2019मध्ये प्रकाशाने जेल घट्ट करून त्यात एकमेकांत गुंतलेल्या नळ्यांची जाळी उभी केली. प्रकाश नको तितका खोल जाऊ नये म्हणून त्यांनी वापरला टार्ट्राझिन, मिठाईत पडतो तोच पिवळा रंग. साधा, स्वस्त आणि नंतर धुऊन निघणारा! 2021मध्ये वेक फॉरेस्ट विद्यापीठाच्या चमूंनी एक सेंटिमीटर जाडीची यकृत-ऊती 30 दिवस जिवंत ठेवून नासाची स्पर्धा जिंकली. पित्ताचा प्रश्न मात्र तसाच आहे. यकृत पित्त बनवते, ते बाहेर नेणाऱ्या नलिका रक्तवाहिन्यांपासून अलग लागतात आणि त्यांचे जाळे छापून चालते करणे अजून कोणाला साधलेले नाही.

म्हणूनच या क्षेत्रातली प्रगती आकाराने मोजू नये, दिवसांनी मोजावी. सॅन डिएगोच्या ऑर्गॅनोवो कंपनीने 2014मध्ये औषधांच्या चाचणीसाठी छापील यकृत-ऊती बाजारात आणली, पुढे रुग्णाच्या शरीरात बसवण्याची ऊतीही जाहीर केली आणि 2019मध्ये तो प्रकल्प थांबवला. ऊतीची कामगिरी नमुन्यागणिक बदलत होती आणि फायदा पुरेसा टिकत नव्हता. बेंगळुरूच्या पँडोरम कंपनीने 2015मध्ये भारतातली पहिली छापील यकृत-ऊती जाहीर केली, पण पुढे तिचा भर डोळ्याच्या पारपटलाकडे वळला. दोन्हीकडे हुशारी होती, पैसाही आला. कमी पडले ते टिकणे आणि दर वेळी सारखेच निघणे, आणि या दोन्हींची मुळे बव्हंशी पेशी आणि शाईतच आहेत.

चार आठवड्यांच्या यकृताचा उपयोग काय, असे कोणी विचारील. यकृत हा स्वतःहून पुन्हा वाढणारा अवयव आहे, हे त्याचे उत्तर. 2012मध्ये इचलकरंजीत दूषित पाण्यातून हिपॅटायटिस ई पसरला, हजारोंना कावीळ झाली आणि काही जण दगावले. या आजारात बहुतेक रोगी आपोआप बरे होतात. काहींचे, विशेषतः गरोदर स्त्रियांचे, यकृत एकाएकी कोसळते. अशा रुग्णाला काही आठवडे तारून नेले, तर त्याचे स्वतःचे यकृत परतण्याची संधी असते. आज तो अवधी मिळत नाही. भारतात वर्षाला होणाऱ्या सुमारे साडेचार हजार यकृत प्रत्यारोपणांपैकी बहुसंख्य जिवंत दात्यांकडून होतात, आणि यकृत अचानक कोसळते तेव्हा बायकोने, बहिणीने किंवा आईने आपल्या यकृताचा तुकडा द्यायचा की नाही, हे एक-दोन दिवसांत ठरवावे लागते. त्या घराला विचार करायला महिनाभर मिळणे ही लहान गोष्ट नाही. मेंदूमृत दात्यांची संख्या वाढवणे अधिक तातडीचे आहे, हे खरेच. पण त्यामुळे या संशोधनाची गरज कमी होत नाही.

याहून अवघड आक्षेप डुकराच्या यकृताचा आहे. चीनमध्ये 2024मध्ये जनुके बदललेल्या डुकराचे यकृत एका रुग्णाला त्याच्या यकृताच्या जोडीला बसवले. ते 38व्या दिवशी काढावे लागले, रुग्ण 171 दिवस जगला. म्हणजे छापील यकृताला जे गाठायचे आहे, ते डुकराने आधीच गाठले आहे. पुढची काही वर्षे रुग्णशय्येपाशी तेच पुढे राहील, असे मलाही वाटते. पण ते काढावे लागले ते बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या होऊ लागल्यामुळे, आणि परक्या प्राण्याच्या पेशी असेपर्यंत हा धोका राहणार. शिवाय डुक्कर जे करू शकत नाही असे एक काम छापील ऊती आजच करू शकते. 1993मध्ये फियालुरिडीन या हिपॅटायटिस बीवरच्या औषधाच्या चाचणीत 15 पैकी पाच रुग्णांचा मृत्यू झाला. आधीच्या प्राणी-चाचण्यांत यकृताच्या या धोक्याची कल्पना आली नव्हती. अशी विषारीपणाची परीक्षा घ्यायला मिलिमीटरभर मानवी ऊती पुरते, आणि पित्तनलिकांच्या पूर्ण जाळ्यावाचूनही बरेच काही कळते. 2023मध्ये भारताने औषध-चाचणीच्या नियमांत बदल करून अशा पेशी-आधारित पद्धतींना वाट मोकळी केली. आपल्याकडे आयआयटी दिल्लीत सौरभ घोष यांनी रेशमाच्या प्रथिनापासून शाई केली आहे, हैदराबादला अवयवाच्या सांगाड्यापासून शाई होते. आपला पैसा आधी इथे लागावा. त्यासोबत अट एकच असावी: तीच शाई आणि त्याच पेशी दोन वेगळ्या शहरांतल्या प्रयोगशाळांनी छापल्या, तर महिन्याअखेरीस दोन्हीकडच्या ऊतीतून निघणाऱ्या अल्ब्युमिनचे, म्हणजे यकृत बनवते त्या प्रथिनाचे, आकडे जुळले पाहिजेत.