न आलेल्या बाळाची नोंद

लसीकरणाचे रजिस्टर आलेल्या बाळांची हजेरी मांडते. बालरोगतज्ज्ञाला काळजी असते ती न आलेल्यांची. राष्ट्रीय वेळापत्रकानुसार पेंटाव्हॅलंट लस सहा, दहा व चौदा आठवड्यांना द्यावयाची असते. पहिली मात्रा घेऊन गेलेले बाळ दुसरीला आले नाही, तर त्या दिवशी रुग्णालयात काहीच घडत नाही. ना केसपेपर निघतो, ना पावती फाटते. आमच्या इंदुरातील रुग्णालयात अशी बाळे संगणकाकरवी शोधण्याची व्यवस्था लावताना खरी अडचण हीच होती. समव्यावसायिकांस उपयोग व्हावा म्हणून तिचा तपशील येथे देत आहे.

नोंदणी खिडकीचा डेटाबेस दिवसभर कामात गुंतलेला असतो. ऐन गर्दीत त्यावर शोधकामाचा भार नको, म्हणून नोंदींची एक प्रत ‘इलॅस्टिकसर्च’मध्ये ठेवली जाते व ती वाहून नेण्याचे काम ‘लॉगस्टॅश’ करतो. त्याच्या जेडीबीसी घटकाला ड्रायव्हरची जागा सांगावी लागते (तो सोबत मिळत नाही, वेगळा आणावा लागतो). शिवाय डेटाबेसचा पत्ता, वापरकर्त्याचे नाव व संकेतशब्द, किती वेळाने क्वेरी चालवायची ते, आणि प्रत्यक्ष क्वेरी. या वापरकर्त्याला केवळ वाचनाचा अधिकार द्यावा. रुग्णांच्या मूळ नोंदींना त्याचा हात लागता कामा नये.

दर खेपेस सगळे रजिस्टर उचलावे लागू नये म्हणून हा घटक मागील फेरीची खूण एका फाइलीत जपतो. ‘एसक्यूएल लास्ट व्हॅल्यू’ असे तिचे नाव. खुणेसाठी नोंदणी क्रमांक निवडला, तर नव्या नोंदी येतात, पण जुन्या नोंदीत झालेली दुरुस्ती येत नाही. त्यापेक्षा नोंद शेवटची कधी बदलली, तो रकाना निवडावा. वेळेच्या बाबतीत आणखी एक गोम आहे. ही खूण जागतिक प्रमाणवेळेत राहते, आपल्या नोंदी भारतीय वेळेत. टाइमझोन सांगितला नाही, तर साडेपाच तासांच्या तफावतीमुळे त्याच त्या नोंदी पुन्हा येत राहतात. नोंदीचा क्रमांक हाच प्रतीतील दस्तऐवजाचा क्रमांक ठेवल्यास निदान दुबार नोंद होत नाही.

पण ही सारी चतुराई बदललेल्या नोंदींपुरती. न आलेल्या बाळाच्या नोंदीत बदल होतच नाही, त्यामुळे खुणेवर चालणारी क्वेरी त्याच्यापर्यंत कधीच पोहोचणार नाही. त्यासाठी दुसरी क्वेरी वेगळी लिहावी लागते, आणि तिच्यात ती खूण वापरायची नाही. पहिल्या मात्रेची नोंद आहे, दुसरीची नाही, आणि पहिलीला २८ दिवसांहून अधिक काळ लोटला आहे, अशी सर्व बाळे ती दररोज नव्याने काढते. एसक्यूएलमध्ये हे काम ‘लेफ्ट जॉइन’ने होते. पहाटे सहाला, खिडकी उघडण्यापूर्वी, ती चालते. तिची यादी त्या त्या दिनांकाच्या स्वतंत्र फाइलीत उतरते. अन्यथा काल येऊन गेलेले बाळ आजही थकबाकीदार दिसावयाचे!

यादी हाती आली की परिचारिकेने आधी फोन करावा. आपल्याकडे पहिले बाळंतपण बहुधा माहेरी. आई बाळाला घेऊन महिना-महिना तिकडेच असते आणि लस तेथे टोचलेलीही असते. संगणकाला माहेर ठाऊक नाही.

सर्वांत जपावयाचे ते नोंद पुसण्याच्या बाबतीत. मूळ डेटाबेसातून ओळ काढून टाकली, तर लॉगस्टॅशला त्याचा पत्ता लागत नाही. पुसलेली ओळ क्वेरीत येणारच कशी? प्रतीत ती तशीच राहते, आणि त्या प्रतीवरून आठवणीचे संदेश जात असतील, तर दगावलेल्या बाळाच्या आईला ‘लसीची तारीख उलटली’ असा संदेश जाऊ शकतो. यास्तव आम्ही नोंद पुसत नाही. ‘स्थिती’ हा रकाना ठेवला आहे; त्यात बदल झाला की तो पुढच्या फेरीत प्रतीत पोहोचतो. थकलेल्यांच्या क्वेरीतही पहिली अट याच रकान्याची आहे, आणि तो भरण्याचे काम त्या दिवशीच्या डॉक्टरने स्वतः करावयाचे, असा आमच्याकडे नियम आहे.