०.२५ टक्के महागाई, पण कोणाच्या घरात?

ऑक्टोबर २०२५ मध्ये देशातली किरकोळ महागाई होती ०.२५ टक्के. २०१२ हे पायाभूत वर्ष धरून सुरू झालेल्या ग्राहक किंमत निर्देशांकाच्या मालिकेतला हा सर्वांत खालचा दर. आदल्या वर्षी ऑक्टोबरात जे सामान १०० रुपयांना मिळत होतं, ते आता १०० रुपये २५ पैशांना, असा त्याचा अर्थ. मुलांची फी, आईची औषधं आणि घरभाडं भरून महिनाअखेर गाठणाऱ्या माणसाचा यावर विश्वास बसणार नाही. आणि तरीही आकडा खोटा नाही. आकडाही खरा आणि त्या माणसाची तक्रारही खरी, हे कसं शक्य आहे याचा शोध घेऊ लागलं की थक्क व्हायला होतं.

आधी हा आकडा तयार कसा होतो ते पाहू. २०१२ च्या मालिकेसाठी देशभरातल्या १,१८१ गावांतून आणि १,११४ शहरी बाजारांतून दर महिन्याला भाव टिपले जात. ठरलेलं दुकान, ठरलेला माल, ठरलेलं वजन. पाच रुपयांचा बिस्किटपुडा पाचालाच राहिला आणि आतली बिस्किटं घटली, तर ती भाववाढ म्हणूनच नोंदली जायला हवी, म्हणून वजनही टिपायचं. एवढ्या अफाट देशात हे काम महिन्यामागून महिने चालतं, याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

मग प्रत्येक वस्तूला तिच्यावर होणाऱ्या खर्चाच्या प्रमाणात भार दिला जातो. टोमॅटोचा भार होता जेमतेम ०.५७ टक्के. पण जुलै २०२३ मध्ये नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचं कॅरेट दोन हजारांच्या वर गेलं आणि देशभरात टोमॅटो वर्षभरापूर्वीच्या तिप्पट महागला. त्या महिन्याची महागाई होती ७.४४ टक्के, आणि ढोबळ हिशेबाने त्या ७.४४ पैकी एकाहून थोडा जास्त वाटा एकट्या टोमॅटोचा! पुढच्या जुलैत टोमॅटो उतरला आणि दर साडेतीन टक्क्यांच्या आसपास आला. ऑक्टोबर २०२५ चं रहस्यही असंच आहे. आदल्या ऑक्टोबरात भाज्या कडाडल्या होत्या, दर ६.२१ टक्क्यांवर होता. त्या उंचीवरून मोजल्यामुळे २०२५ च्या भाज्या-डाळी खूप स्वस्त दिसल्या आणि त्यांनी बाकी सगळी वाढ झाकून टाकली.

इथे आणखी एक गोष्ट दडलेली आहे. महागाईचा दर म्हणजे भाव चढण्याचा वेग. वेग शून्याजवळ आला म्हणून भाव मागे जात नाहीत. २०१२ मध्ये १०० असलेला निर्देशांक ऑक्टोबर २०२५ मध्ये सुमारे १९७ होता. सरकार सांगतं ते बारा महिन्यांचं, आणि आपल्याला आठवतो तो दहा-बारा वर्षांपूर्वीचा भाव. रिझर्व्ह बँक कुटुंबांना विचारते, तुम्हाला महागाई किती वाटते? उत्तर बहुतेक वेळा अधिकृत दराच्या बरंच वर असतं. लोक अतिशयोक्ती करतात असं म्हणून हे उडवून लावणं मला पटत नाही. घर चालवणारी बाई रोज लागणाऱ्या वस्तूंवरून महागाई जोखते. कधीतरी घेतलेल्या फ्रिजचा भाव स्थिर राहिला, याचं तिला काय?

भार ठरतात ते कुटुंबांच्या खर्चाच्या पाहणीतून. २०१२ च्या मालिकेतले भार २०११-१२ च्या पाहणीवर बेतलेले होते, आणि नवी मालिका येईपर्यंत तेच चालले. त्यात घोडागाडीचं भाडं होतं, डीव्हीडी प्लेयर होता. खाण्यापिण्याचा वाटा जवळजवळ ४६ टक्के होता. फेब्रुवारी २०२६ मध्ये २०२४ पायाभूत वर्षाची नवी मालिका आली, तेव्हा हा वाटा ३७ टक्क्यांच्या जवळ उतरला. खेड्यातलं घरभाडंही आता मोजलं जातं. आधी त्याचा भार चक्क शून्य होता. घराच्या कर्जाचा हप्ता मात्र यात येत नाही, कारण घर ही गुंतवणूक मानली जाते.

पण मला सर्वांत जास्त चकित केलं ते भार काढण्याच्या रीतीने. दोन घरं कल्पू. एकाचा महिन्याचा खर्च १०,००० रुपये, त्यातले ६,००० खाण्यावर. दुसऱ्याचा ९०,०००, त्यातले २७,००० खाण्यावर. पहिल्या घरात अन्नाचा वाटा ६० टक्के, दुसऱ्यात ३०. मधला आकडा ४५ येईल असं वाटतं ना? निर्देशांक तसं करत नाही. तो दोन्ही घरांचे रुपये एकत्र करतो: एक लाखातले ३३,०००, म्हणजे ३३ टक्के. आता फक्त अन्न १० टक्क्यांनी महागलं असं धरा. गरीब घराची महागाई ६ टक्के, श्रीमंत घराची ३, आणि अधिकृत आकडा ३.३! इथे माणसागणिक मत नाही, रुपयागणिक आहे. जास्त खर्च करणाऱ्याचा आवाज मोठा. यात लबाडी नाही. जगभर बहुतेक ठिकाणी अशीच रीत आहे. अर्थशास्त्रज्ञ अँगस डीटन यांनी १९९८ मध्ये अंदाज मांडला होता, की अमेरिकेचा असा निर्देशांक खर्चाच्या उतरंडीत वरच्या चौथाईच्या उंबरठ्यावर असलेल्या कुटुंबाशी जुळतो. म्हणूनच वेगवेगळ्या उत्पन्नगटांचे निर्देशांक दर महिन्याला स्वतंत्रपणे जाहीर व्हावेत, असं मला ठामपणे वाटतं.

आकड्याबद्दलचा हा संशय मुंबईला नवा नाही. गिरणी कामगारांचा महागाई भत्ता निर्देशांकाला बांधलेला होता, त्यामुळे निर्देशांक कमी दाखवला की थेट पगार कमी. १९६३ च्या सुमारास कामगारांनी मुंबईच्या निर्देशांकावरच बोट ठेवलं. राज्य सरकारने अर्थतज्ज्ञ डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, आणि निर्देशांक खरोखरच कमी येत असल्याचं त्या तपासणीतून पुढे आलं. गिरणगावातल्या घरांनी किराण्याच्या हिशेबावरून जे ओळखलं होतं, ते तज्ज्ञांनी कागदावर मान्य केलं.

आजही सरकारी नोकराचा भत्ता औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकाबरोबर हलतो. पण कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ मधल्या वृद्धांचं काय? त्यांचं किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ मध्ये १,००० रुपये ठरलं. त्याला महागाई भत्ता नाही, आणि पुढची दहा वर्षं ते तसंच राहिलं. त्या काळात ग्राहक किंमत निर्देशांक १२० च्या आसपासवरून १९० च्या पुढे गेला. २०१४ च्या हजार रुपयांत जे येत होतं, त्याला दहा वर्षांनी जवळपास १,६०० रुपये लागत होते. म्हातारपणी औषधांवर किती खर्च होतो, हे देशाच्या सरासरी टोपलीला धड कळत नाही. पण त्या वृद्धांच्या पेन्शनला हा अपुरा निर्देशांक जरी जोडला असता, तरी दहा वर्षांनी दर महिन्याला जवळपास सहाशे रुपये जास्त त्यांच्या हातात पडले असते.