मेंदूज्वराचा जंतू आणि त्याची साडी

मेंदूज्वर म्हटलं की आपल्याला डास आठवतात. आज बोलायचंय ते दुसऱ्या मेंदूज्वराबद्दल. हा डासांनी नाही, जिवाणूंमुळे होतो. मेंदूभोवतीच्या आवरणाला सूज येते. डॉक्टर त्याला मेनिंजायटिस म्हणतात. जोराचा ताप, असह्य डोकेदुखी, ताठ मान, उलट्या, उजेड नकोसा होणं. तान्ह्या बाळाची टाळू फुगते, ते दूध ओढत नाही. कधीकधी चोवीस तासांतच जीव जातो. वाचलेल्या पाचांतल्या एकाला बहिरेपणा किंवा झटके असं काहीतरी कायमचं मागे राहतं. अशी लक्षणं दिसली तर अंगारा लावत बसू नका, आधी गाडी बघा.

याच्या सगळ्यांत मोठ्या साथी येतात आफ्रिकेत. सहारा वाळवंटाच्या खाली, सेनेगलपासून इथिओपियापर्यंत २६ देशांचा पट्टाच आहे. डिसेंबर ते जून तिथे कोरडा हंगाम, धुळीचे वारे, घसे सोललेले. मेनिंगोकॉकस नावाचा हा जंतू कितीतरी धडधाकट माणसांच्या घशात नुसता राहत असतो. खोकल्यातून, दाटीवाटीने राहण्यातून तो पसरतो. एखाद्याच्या रक्तात उतरला की मात्र घात. १९९६-९७ च्या साथीत अडीच लाखांहून जास्त लोक आजारी पडले आणि सुमारे २५ हजार दगावले.

या जंतूच्या अंगावर साखरेचं आवरण असतं. आवरणावरून त्याचे बारा गट पडतात. ए, बी, सी, डब्ल्यू, एक्स आणि वाय हे सहा जास्त त्रासाचे. आवरण म्हणजे साडी समजा. साडीचा रंग एक म्हणून दोन बायका एका घरच्या ठरत नाहीत ना? तसंच जंतूंचं. त्यांचं घराणं ओळखायला शास्त्रज्ञ त्यांची जनुकं वाचतात. २००० साली हजला गेलेल्या यात्रेकरूंमध्ये डब्ल्यू गटाची साथ आली. दोन वर्षांनी बुर्किना फासोत डब्ल्यूचीच मोठी साथ आली. म्हणूनच हजला जाणाऱ्यांना आता मेनिंजायटिसची लस घ्यावीच लागते, आपल्याकडच्यांनाही.

आफ्रिकेत पूर्वी जास्त बळी ए गटाचे असायचे. जुनी लस लहान मुलांत टिकत नव्हती, कारण नुसती साखर त्यांच्या शरीराला नीट ओळखता येत नाही. मग तिला धनुर्वाताच्या लशीतलं प्रथिन जोडलं. आपण गरोदरपणात घेतो ना, त्याच लशीतलं. आफ्रिकेतल्या देशांची अट होती : डोस अर्ध्या डॉलरच्या आत, म्हणजे त्या वेळचे वीस-बावीस रुपये. ती अट पाळून लस बनवली पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने. (आधी भाव, मग माल. आपण पापड लाटून झाल्यावर भाव काढत बसतो!) डिसेंबर २०१० मध्ये बुर्किना फासोतून सुरुवात झाली. एक ते एकोणतीस वयाच्या सगळ्यांना लस. पुढे तीस कोटींहून जास्त लोकांनी ती घेतली आणि २०१७ नंतर त्या पट्ट्यात ए गटाचा पक्का रुग्ण सापडला नाही.

पण दुसऱ्या साडीतले जंतू होतेच. २०१५ साली नायजर देशात सी गटाची साथ आली, साडेआठ हजारांवर रुग्ण. हे घराणं अगदी नवं, दोन वर्षांपूर्वीच शेजारच्या नायजेरियात पहिल्यांदा दिसलेलं. जनुकं वाचल्यावर कळलं, की याचे पूर्वज घशात निमूट राहणारे, बिनआवरणाचे जंतू होते. त्यांनी दुसऱ्या जंतूंकडून सी आवरणाची जनुकं उचलली, आणखीही काही घातक जनुकं मिळवली. जंतू अशी देवाणघेवाण सारखी करतात. म्हणून साथ आली, की रुग्णाच्या पाठीतलं पाणी काढून कोणता गट आहे ते आधी तपासतात. गट चुकला तर लस वाया.

आता पुण्यातच पाच गटांवर एक लस तयार झाली आहे : ए, सी, डब्ल्यू, वाय आणि एक्स. एप्रिल २०२४ मध्ये नायजेरियाने ती सर्वांत आधी वापरायला घेतली. बी मात्र तिच्यात नाही. त्याच्या आवरणातली साखर आपल्याच मेंदूतल्या पेशींवरच्या साखरेसारखी असते. शरीर त्याला परका समजतच नाही, त्यामुळे बीची लस साखर सोडून जंतूच्या प्रथिनांपासून वेगळी बनवावी लागली.