बायबलमधली नावे कशी उलगडावीत

बायबलमधली नावे आपल्याला परकी वाटतात, कारण ती एकसंध शब्द म्हणून कानावर पडतात. पण त्यांतली बरीचशी दोन शब्दांची छोटी वाक्येच आहेत. सांधा सापडला की नाव सुटते.

आधी देवाचे नाव शोधावे. हिब्रू व्यक्तिनामांत ते बहुधा दोन रूपांत येते. 'एल' म्हणजे देव. 'याह' किंवा 'याहू' हे यहोवा या नावाचे आखूड रूप. तेच आरंभी आले तर 'यहो' किंवा 'यो' होते. उरतो तो भाग पुष्कळदा क्रियापद असतो. 'नाथान' म्हणजे 'त्याने दिले'. त्यापुढे 'एल' लावला की नथनेल, म्हणजे आपला देवदत्त. आधी लावला की एलनाथान, आणि 'यो' लावला की योनाथान. 'हानान' म्हणजे 'त्याने कृपा केली'. त्यावरून हनन्या झाला आणि योहानही.

हा सांधा त्या काळच्या लोकांनाही स्पष्ट दिसत होता. इ.स.पू. 609 मध्ये मिसरचा फारो नखो याने एल्याकीमला यहूदाच्या गादीवर बसवले आणि त्याचे नाव यहोयाकीम केले. 'स्थापन करील' या अर्थाचे 'याकीम' तसेच ठेवले, फक्त 'एल' काढून 'यहो' घातले. अर्थ फारसा बदलला नाही, पण नाव ठेवण्याचा अधिकार कोणाचा हे सगळ्यांना कळले. बदल कधी लेखणीनेही होई. शौल राजाच्या एका मुलाचे नाव इतिहासाच्या पुस्तकात एश्बाल आहे, तर शमुवेलाच्या पुस्तकात ईश-बोशेथ. 'बाल' म्हणजे स्वामी. पण हेच नाव प्रतिस्पर्धी दैवताचे असल्याने नकलकारांनी तिथे 'बोशेथ', म्हणजे लाज, हा शब्द घातला असे बहुतेक अभ्यासक मानतात.

नाव दुसऱ्या भाषेत गेले की सांधा झाकला जातो. कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी समाजात शमुवेलचा समाजी झाला: शेवटचा 'एल' गळला आणि त्या जागी 'जी' आले. मुंबईत 1796 मध्ये 'शआर हारहमीम', म्हणजे 'दयेचे द्वार', हे सिनेगॉग बांधणारे शमुवेल यहेज्केल दिवेकर मराठीत समाजी हसाजी दिवेकर होते. आडनावातला 'कर' मात्र अस्सल कोकणी रीतीचा, गावावरून आलेला.

गावांच्या नावांत आधी जागेचा शब्द पाहावा. 'बेथ' म्हणजे घर: बेथेल हे देवाचे घर, बेथलेहेम हे भाकरीचे घर. याच गावाला अरबीत बैत लह्म म्हणतात, आणि अरबीत 'लह्म' म्हणजे मांस! 'बएर' म्हणजे विहीर. बैर-शेबामधल्या 'शेबा'चा संबंध सात या आकड्याशीही लागतो आणि शपथेशीही. उत्पत्तीच्या 21व्या अध्यायात अब्राहाम अबीमलेख राजाला सात मेंढ्या देतो आणि दोघे शपथही घेतात. कथेने दोन्ही अर्थ वापरून घेतले आहेत.

इथेच जपून चालावे लागते. बाबेल हे नाव 'बालाल', म्हणजे घोटाळा करणे, यावरून पडले असे उत्पत्तीचा 11वा अध्याय सांगतो. खुद्द बाबेलच्या अक्कादी भाषेत मात्र ते 'बाब-इली', देवाचे द्वार, होते. यातला 'इल' म्हणजे हिब्रू 'एल'चा सख्खा भाऊ. त्याहून जुन्या, अर्थ हरवलेल्या नावाला हा अर्थ मागाहून चिकटवला असावा, असेही काही अभ्यासकांना वाटते.

यरुशलेमचा 'शांतीचे नगर' हा अर्थ 'शालोम'वरून रूढ झाला. पण मिसरमधल्या अमार्ना येथे सापडलेल्या इ.स.पू. 14व्या शतकातल्या पत्रांत हे नाव 'उरुसलीम' असे आहे. पुष्कळ अभ्यासक त्याचा अर्थ 'शालेमने पाया घातलेले' असा लावतात. शालेम हा कनानी लोकांचा सांजवेळेचा देव. उगारित या प्राचीन नगरातल्या मातीच्या पाट्यांवर तो भेटतो.

म्हणून क्रम असा ठेवावा: आधी सर्वांत जुने लेखी रूप, मग सांधा, शेवटी कथा. कथेची व्युत्पत्ती चुकली तरी ती टाकायची नाही. बाबेलची गोष्ट शहराचे मूळ सांगत नसेल, पण त्या बलाढ्य शहराकडे हिब्रू लोक कोणत्या नजरेने पाहत, ते नेमके सांगते.