मण्यांचा काजवा

वैशाख सरत आला की शहापूर व मुरबाड तालुक्यांतील रानात एक अपूर्व सोहळा सुरू होतो. माहुलीच्या पायथ्याशी किंवा माळशेजच्या वाटेवर, पावसाच्या तोंडाशी आलेल्या एखाद्या अंधाऱ्या रात्री, हिरडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर असंख्य काजवे लुकलुकू लागतात. तो देखावा ज्याने एकदा पाहिला त्याला दिवाळीची रोषणाईही फिकी वाटावी. मुलांची पहिली धाव मात्र असते ती रिकामी बाटली शोधण्याकडे! रात्री उशाशी ठेवलेल्या त्या बाटलीत सकाळी काय उरते, हे आपणांपैकी पुष्कळांनी लहानपणी पाहिलेले आहे.

सौंदर्य दिसले की ते पकडून घरात आणावे, ही हौस केवळ मुलांचीच नव्हे. १९०३ साली दिल्ली दरबाराच्या प्रसंगी लॉर्ड कर्झन यांच्या पत्नीने मोरपिसांच्या नक्षीचा जो पोशाख घातला होता, त्यातील पिसांच्या डोळ्यांत सोनपाखरांची खरीखुरी हिरवी पंखकवचे टाकलेली होती. कारागिरी थोर, यात शंका नाही. परंतु तेच काम काचेचा मणीही करतो, आणि त्यासाठी एकाही जिवाचा बळी जात नाही.

मण्यांचे काम आपल्या घरांस नवे नाही. दारावरचे तोरण, देवापुढील महिरप, रुखवतात मांडण्याच्या वस्तू आपल्या आजी-मावश्यांनी मण्यांच्याच केल्या. याच रानातील ठाकर स्त्रियांच्या गळ्यांतील रंगीत मण्यांच्या माळाही आपण पाहतो. मग मण्यांचा काजवाच का करू नये? येथे पोटाच्या बाजूने दिसणारा काजवा कसा ओवावा ते सांगते.

दोन हात लांब टंगूस घ्यावा. मध्यभागी डोक्यासाठी दोन काळे मणी घालावेत. पुढील प्रत्येक ओळीचे मणी टंगुसाच्या एका टोकात ओवून दुसरे टोक त्याच मण्यांतून उलट दिशेने न्यावे व दोन्ही टोके ओढून ओळ घट्ट बसवावी. छातीसाठी केशरी मण्यांच्या तीन ओळी : तीन, चार व चार. यांतील प्रत्येक ओळ झाली की पायांची एक जोडी करावी. त्यासाठी दोन्ही टोकांत पाच-पाच बारीक काळे मणी घालून, शेवटचा मणी सोडून उरलेल्या चारांतून टोक परत आणावे. नंतर पोटाच्या चार-चार काळ्या मण्यांच्या दोन ओळी, आणि शेवटी दिव्याच्या दोन ओळी : तीन व दोन फिकट पिवळे मणी. टोके गाठ मारून मण्यांत लपवावीत. एकूण मणी ५६ लागतात.

मादी करावयाची असल्यास शेवटच्या ओळीचे दोन मणी पिवळ्याऐवजी काळे घ्यावेत. कारण आपल्याकडील सामान्य जातीत नराच्या पोटाची दोन वलये प्रकाशतात, मादीचे एकच. सहाही पाय छातीलाच का, असे मुलांनी विचारले तर समजावे की काम सार्थकी लागले. कीटकांची ती खूणच आहे. मृगाच्या मखमली किड्याला आठ पाय असतात, म्हणून तो कीटक नव्हे, कोळ्याचा भाऊबंद, हेही त्यांना तेव्हाच सांगता येते.

आणखी एक गोष्ट मात्र मण्यांनी होण्यासारखी नाही. काजव्याचा प्रकाश ही शोभा नसून जोडीदाराला घातलेली साद आहे. विजेच्या झगझगाटात ती साद बुडून जाते, भेट चुकते आणि पुढल्या वर्षीचे काजवे जन्मालाच येत नाहीत. त्याच्या अळ्या पालापाचोळ्यात गोगलगाईंवर जगतात. हौशी पाहुण्यांच्या पायांखाली त्या चिरडतात. म्हणून काजवे पाहावयास जाणाऱ्यांनी वाट सोडू नये, हातातील दिवा व मोबाईल बंद ठेवावा. आणि रानालगत ज्यांची घरे आहेत त्यांनी ज्येष्ठातील त्या थोड्या रात्री अंगणातला दिवा लवकर मालवावा.

यंदा गौरीच्या आरशीत हे मण्यांचे काजवे जरूर टांगावेत. खरे काजवे मात्र रानातच राहू द्यावेत. त्यांना आपल्याकडून हवा आहे तो केवळ अंधार.