कमी शब्द, पुरता अर्थ

इंग्रजी वाक्यसुधारणेच्या प्रश्नात वाक्याचा एक भाग अधोरेखित असतो आणि त्या जागी बसू शकणारे तीन-चार पर्याय खाली दिलेले असतात. कर्मचारी निवड आयोगाच्या सीजीएल परीक्षेत पहिल्या टप्प्याला इंग्रजीचे २५ प्रश्न येतात. प्रत्येक बरोबर उत्तराला २ गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला अर्धा गुण कापला जातो. त्यात हा प्रकार नेहमीचा आहे, बँकांच्या परीक्षांतही तो भेटतो. जळगाव-धुळ्याकडे या परीक्षांची तयारी करणाऱ्या अनेकांच्या तोंडी एक नियम असतो: सर्वांत छोटा पर्याय निवडा. हा नियम अर्धाच खरा आहे.

तो कुठे खरा ठरतो ते आधी पाहू. ‘ड्यू टू द फॅक्ट दॅट देअर वॉज अ हेलस्टॉर्म, द फार्मर्स ऑफ रावेर मेड अ डिमांड फॉर द पेमेंट ऑफ कॉम्पेन्सेशन.’ हे वाक्य २१ शब्दांचे आहे. ‘बिकॉज ऑफ द हेलस्टॉर्म, द फार्मर्स ऑफ रावेर डिमांडेड कॉम्पेन्सेशन’ हे १० शब्दांचे. गारपीट झाली आणि रावेरच्या शेतकऱ्यांनी भरपाई मागितली, एवढा सगळा अर्थ दुसऱ्या वाक्यात आहे. गेले ते फक्त ओझे.

हे ओझे इंग्रजीत येते कुठून? बरेचसे मराठीच्या वळणातून. मराठीत नाम आणि ‘करणे’ किंवा ‘घेणे’ मिळून क्रियापद सहज होते: मागणी करणे, चर्चा करणे, निर्णय घेणे. इंग्रजीत याच कामाला ‘डिमांड’, ‘डिस्कस’, ‘डिसाइड’ अशी स्वतंत्र क्रियापदे आहेत. मराठी मनात धरून लिहिणारा मात्र ‘मेड अ डिस्कशन’ लिहून बसतो. ‘विषयी चर्चा’ म्हणायची सवय असल्याने ‘डिस्कस’पुढे ‘अबाउट’ येते आणि ‘परत येणे’ डोक्यात असल्याने ‘रिटर्न’पुढे ‘बॅक’. वास्तविक ‘रिटर्न’च्या पोटातच ‘परत’ आहे. ‘जरी’ आले की मराठीला ‘तरी’ लागतेच, म्हणून ‘ऑल्दो’नंतर ‘बट’ लिहिले जाते. इंग्रजीला त्या दोघांतले एकच पुरते. ही विद्यार्थ्याची मंदबुद्धी नव्हे, एका भाषेची शिस्त दुसऱ्या भाषेत पाळल्याचा हा परिणाम आहे. हे कळले की चूक पाठ करावी लागत नाही, ओळखू येते.

उरलेले ओझे कचेरीचे. खानदेशात ईस्ट इंडिया कंपनीचा अंमल १८१८ साली आला आणि त्याबरोबर सरकारी इंग्रजीही आली. अर्जात ‘आय बेग टू स्टेट दॅट’ लिहिण्याची रीत त्याच दरबारी वळणाची. १९०६ साली इंग्लंडमध्ये फाउलर बंधूंचे ‘द किंग्ज इंग्लिश’ प्रसिद्ध झाले. लांब शब्दापेक्षा छोटा, आडवळणाच्या शब्दसमूहापेक्षा एकच शब्द बरा, हा त्यातला मुख्य आग्रह होता. पुढे १९४८ मध्ये सर अर्नेस्ट गॉवर्स यांनी ‘प्लेन वर्ड्स’ लिहिले, तेही ब्रिटिश सरकारी नोकरांसाठी. साहेबाने आपली कचेरीची भाषा सुधारायला घेतली, पण इकडच्या अर्जांतून ती जुनी भाषा अजून गेलेली नाही.

आता नियमाची दुसरी बाजू, आणि गुण जातात ते बहुधा इथेच. ‘द टेम्परेचर ऑफ जळगाव इज हायर दॅन नाशिक’ हे वाक्य सुटसुटीत दिसते, पण त्यात जळगावच्या तापमानाची तुलना नाशिक शहराशी झाली आहे. ‘हायर दॅन दॅट ऑफ नाशिक’ हा लांब पर्याय बरोबर आहे, कारण तिथे तापमानाची तुलना तापमानाशी होते. मराठीत ‘नाशिकपेक्षा’ म्हटले तरी भागते, म्हणून ही चूक कानाला खटकत नाही.

‘रीचिंग भुसावळ, द रेन स्टार्टेड’ हे वाक्यही असेच फसवे. ‘भुसावळला पोचल्यावर पाऊस सुरू झाला’ हे मराठीत निर्दोष आहे, कारण ‘पोचल्यावर’चा कर्ता वेगळा असला तरी चालतो. इंग्रजीतले ‘रीचिंग’ मात्र ‘पोचल्यावर’सारखे वागत नाही, ‘पोचून’सारखे वागते. ‘भुसावळला पोचून पाऊस सुरू झाला’ असे म्हणून पाहिले की दोष लगेच ऐकू येतो: पोचला कोण, पाऊस? ‘व्हेन वी रीच्ड भुसावळ, द रेन स्टार्टेड’ यात शब्द जास्त आहेत आणि ते हवेतच.

तिसरे उदाहरण कापसाच्या व्यापाऱ्याचे. ‘द ट्रेडर सेड ऑन मंडे ही वुड बाय द कॉटन.’ व्यापारी सोमवारी बोलला की सोमवारी कापूस घेणार? ‘सेड’नंतर ‘दॅट’ घातले की खरेदीचा दिवस ठरतो. मराठीतले ‘की’ हेच काम करते. इथे एक शब्द वाचवला तर शेतकरी चुकीच्या दिवशी गाडी भरेल.

म्हणून पर्याय तपासण्याचा क्रम महत्त्वाचा. आधी व्याकरणात चुकलेले पर्याय काढावेत. मग मूळ वाक्याचा अर्थ बदलणारे काढावेत. एवढे करूनही दोन पर्याय उरले, तरच शब्द मोजावेत आणि छोटा घ्यावा. निवडलेला पर्याय एकदा पूर्ण वाक्यात बसवून वाचावा, कारण नुसता वाचताना चांगला वाटणारा तुकडा पुढच्या शब्दाशी जुळतोच असे नाही. ‘बदलाची गरज नाही’ हाही एक पर्याय असतो. मूळ वाक्य शुद्ध, स्पष्ट आणि आटोपशीर असेल, तर विद्यार्थ्याने तोच निःशंकपणे निवडावा.